दिवा वाढला, तरी पायरी का दिसत नाही?



कोजागरी पौर्णिमा झाली की आपल्या जिल्ह्यातील गावोगावच्या देवळांत पहाटेचा काकडा सुरू होतो. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत हा क्रम चालतो. दिवस लहान होत जातात, सायंकाळी सहाच्या आतच अंधारून येते आणि पहाटे पाचला तर गडद अंधारच असतो. याच दोन वेळी घरातील वडीलधारी माणसे बाहेर पडतात, कुणी देवळात, कुणी फिरायला. आणि याच महिन्यांत माझ्या दवाखान्यात सर्दी, दमा आणि सांधेदुखी यांच्याबरोबर आणखी एक तक्रार वाढते. ती म्हणजे पडल्यामुळे झालेली इजा.

आमच्या तालुक्याच्या गावी एक निवृत्त गुरुजी आहेत. वय ७४. मधुमेह आहे, पण आटोक्यात. त्यांच्या गल्लीतील जुना पिवळा दिवा काढून तेथे पांढरा एलईडी लावला गेला, तेव्हा गल्लीतील सगळेच आनंदले. काही दिवसांनी गुरुजी रक्तदाब तपासून घ्यायला आले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, दिवा मोठा झाला आणि मला देवळाची पायरी दिसेनाशी झाली.” मी हसून म्हणालो, “सवय होईल, गुरुजी.” सूनबाई सोबत होत्या. त्याही म्हणाल्या, “बाबांना नवीन काहीच आवडत नाही.”

तीन आठवड्यांनी काकड्याहून परत येताना गुरुजी त्याच पायरीवर पडले. उजव्या मनगटाचे हाड मोडले. खुब्याचे हाड बचावले हे सुदैव. कारण उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर अनेकांचे चालणे पुन्हा पूर्वपदावर येत नाही. प्लास्टर घातलेला हात घेऊन ते समोर बसले, तेव्हा त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. परंतु चूक माझी होती. त्यांनी मला एक लक्षण सांगितले होते आणि मी ते कुरकुर म्हणून सोडून दिले होते. आजचा लेख त्या चुकीतून लिहिला आहे.

दोन दिवे, दोन स्वभाव

केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी रस्त्यांवरील दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यानंतरच्या वर्षांत देशभरातील शहरांत आणि गावांत सोडियमचे दिवे जाऊन एलईडी येऊ लागले. यामागचे कारण विजेची बचत हे आहे आणि ते खरे आहे. जेथे अडीचशे वॅटचा सोडियम दिवा लागे, तेथे साधारण शंभर ते सव्वाशे वॅटचा एलईडी पुरतो. शिवाय तो अधिक वर्षे टिकतो.

सोडियम दिव्यात एका छोट्या नळीत सोडियमची वाफ असते. तिच्यातून वीज गेली की ती नारिंगी-पिवळी प्रकाशते. हा प्रकाश डोळ्याला सौम्य वाटतो, पण त्याच्या उजेडात रंग ओळखू येत नाहीत. खरे रंग दाखवण्याची दिव्याची क्षमता मोजणारा एक निर्देशांक आहे. त्यात सूर्यप्रकाशाला १०० गुण धरले, तर रस्त्यावरच्या साध्या सोडियम दिव्याला जेमतेम २० ते २५ मिळतात आणि एलईडीला ७० किंवा त्याहून अधिक. पिवळ्या दिव्याखाली लाल लुगडे तपकिरी दिसे, चिखल आणि कोरडी माती सारखीच दिसे. दोरीला साप समजण्याचा वेदान्तातील दृष्टान्त आपण ऐकलेला आहे. आपल्या शेतीच्या जिल्ह्यात, पावसाळ्याच्या रात्री, तो केवळ दृष्टान्त राहत नाही. या बाबतीत पांढरा दिवा निश्चितच सरस आहे.

सोडियमचा आणखी एक दोष आपण सर्वांनी अनुभवला आहे. वीज जाऊन परत आली, तरी तो दिवा लगेच लागत नाही. नळी थोडी निवावी लागते आणि पूर्ण उजेड यायला काही मिनिटे जातात. एलईडी मात्र वीज येताच लागतो. वादळवाऱ्यात वारंवार वीज जाणाऱ्या गावात हा फायदा लहान नाही.

मग गुरुजींना पायरी का दिसेना? त्यासाठी एलईडीचा स्वभाव समजून घ्यावा लागेल. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळा प्रकाश देणाऱ्या स्फटिकावर पिवळसर लेप दिला की दोन्ही मिळून पांढरा प्रकाश तयार होतो. या निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शूजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दिव्याचा पांढरेपणा जितका थंड, तितका त्यातील निळा भाग अधिक. दुसरी गोष्ट अशी की, या दिव्यात प्रकाश अगदी लहान लहान ठिपक्यांतून येतो. एकूण उजेड तेवढाच असला, तरी तो एका छोट्या जागेतून आल्यामुळे दिव्याकडे नजर गेली की डोळे दिपतात.

साठीनंतरचा डोळा

तरुणाचे डोळे क्षणभर दिपतात आणि सावरतात. वृद्धाचे डोळे तसे सावरत नाहीत, आणि याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे, वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि अंधारातही ती पूर्वीइतकी मोठी होत नाही. दुसरे, डोळ्यातील भिंग पिवळसर आणि जाडसर होत जाते. या दोन्हींमुळे साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणजे वृद्धांना अधिक उजेड हवा असतो, यात शंका नाही.

परंतु तिसरे कारण याच्या उलट दिशेने काम करते. जुन्या भिंगात प्रकाश सरळ न जाता विखुरतो. धूळ बसलेल्या काचेवर समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड पडला की सगळी काच पांढरी होते आणि पलीकडचा रस्ता दिसेनासा होतो, तसेच हे आहे. मोतीबिंदूची सुरुवात झाली असेल, तर हा परिणाम कितीतरी वाढतो. दिवा दिसतो, दिव्याभोवतीचे वलय दिसते, पण पायाखालची पायरी त्या पांढऱ्या धुक्यात हरवते. शिवाय उजेडातून अंधारात गेल्यावर नजर स्थिरावायला तरुणापेक्षा वृद्धाला बराच अधिक वेळ लागतो. मधुमेहामुळे दृष्टिपटल दुखावलेले असेल किंवा काचबिंदू असेल, तर त्याहूनही अधिक.

म्हणून लक्षात ठेवावे की वृद्ध डोळ्याला अधिक उजेड हवा, पण तो वस्तूवर हवा, डोळ्यात नको. आपल्याकडील पुष्कळ गैरसमज हा भेद न केल्यामुळे होतात.

तळहाताची परीक्षा

हा भेद घरच्या घरी ओळखण्याची एक सोपी रीत आहे. रात्री ज्या जागी नीट दिसत नाही, तेथे कुणाला तरी सोबत घेऊन उभे राहा. समोर पायरी, खड्डा किंवा गटाराची कड असेल तिकडे पाहा. आता तळहात कपाळाशी आडवा धरून केवळ दिवा झाका, रस्ता झाकू नका. दिवा झाकताच पायरी स्पष्ट दिसू लागली, तर उजेड कमी नाही, डोळे दिपत आहेत. दिवा झाकूनही दिसत नसेल, तर तेथे उजेडच अपुरा आहे किंवा दृष्टीत अन्य दोष आहे.

याचा दुसरा भाग असा. त्याच जागी घरातील तरुणाला उभे करा आणि तीच परीक्षा करायला सांगा. त्यालाही हात आडवा धरावासा वाटला, तर दोष दिव्याच्या बसवणीत आहे. त्याला काही फरक पडला नाही आणि आपल्याला मात्र पडला, तर दोष आपल्या भिंगात असण्याचा संभव मोठा आहे. अशा वेळी दिव्याबद्दल तक्रार करण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

प्लास्टर निघाल्यावर एका संध्याकाळी मी गुरुजींसोबत त्या पायरीपाशी उभा राहिलो. गुरुजींनी हात आडवा धरला आणि म्हणाले, “आता दिसली.” मग मी हात धरला. माझे वय पन्नाशी ओलांडलेले. मलाही फरक जाणवला. सूनबाईंना मात्र काही जाणवला नाही. म्हणजे दोष दोन्हीकडे होता. गल्ली उताराची असल्यामुळे वरून खाली येणाऱ्याच्या नजरेसमोर दिवा थेट येत होता आणि गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

पुढील लक्षणे असतील, तर नेत्रतपासणी लांबवू नये. दिव्यांभोवती वलये दिसणे, समोरून येणाऱ्या वाहनाच्या उजेडाने बराच वेळ काहीच न दिसणे, चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे, रात्री एकट्याने बाहेर जाणे टाळावेसे वाटणे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पूर्वी झालेली असूनही पुन्हा डोळे दिपू लागले, तर कृत्रिम भिंगामागचा पातळ पडदा धूसर झाला असण्याची शक्यता असते. यावर लेसरचा छोटा उपचार आहे.

एक इशारा मात्र ठळकपणे देतो. दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत वलये दिसून त्याबरोबर डोळा लाल होऊन तीव्र ठणकत असेल, डोके दुखून उलटी होत असेल, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. उलटी होते म्हणून त्याला पित्त समजून रात्र काढू नका. त्याच वेळी रुग्णालय गाठा. काही तासांच्या उशिराने दृष्टी कायमची जाऊ शकते.

रात्रीचा उजेड आणि झोप

आता घराच्या आत येऊ. पुष्कळ वाचकांची दुसरी तक्रार अशी असते की, नव्या दिव्याचा उजेड खिडकीतून अंथरुणावर येतो आणि झोप लागत नाही. ही तक्रारही निराधार नाही. आपल्या दृष्टिपटलात पाहण्याच्या कामी न येणाऱ्या काही पेशी असतात. दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूला कळवतात. त्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. रात्री तसा प्रकाश डोळ्यांवर पडत राहिला, तर झोपेची वेळ सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जुने पिवळे भिंग जाऊन स्वच्छ भिंग येते, त्यामुळे निळा भाग पूर्वीपेक्षा अधिक आत पोहोचतो.

तथापि या गोष्टीचे प्रमाणही ध्यानात घ्यावे. पौर्णिमेचे चांदणे एका लक्सच्याही आत असते, रस्त्यावरील दिव्याखाली साधारण ५ ते २० लक्स उजेड असतो, तर भर दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. त्यामुळे रस्त्यावरच्या दिव्याने दृष्टिपटल जळते, ही जी भीती हल्ली मोबाइलवरील संदेशांतून पसरते, ती अनाठायी आहे. झोपेचा प्रश्न असेल, तर खिडकीला जाड पडदा लावून तो बहुतांशी सुटतो. पडदा लावून पुन्हा अंथरुणात मोबाइल पाहत पडलो, तर मात्र दिव्याला दोष देण्यात अर्थ नाही.

वैशाखात आपल्याकडे अनेक घरांत अंगणात किंवा गच्चीवर खाटा पडतात. पूर्वी वर चांदणे असे. आता खांबावरचा दिवा थेट तोंडावर येतो. अशा वेळी कठड्याच्या सावलीत खाट टाकावी, दिव्याकडे पाय न करता डोके करावे किंवा डोळ्यांवर मऊ सुती कापड घ्यावे. पहाटे उठल्यावर अर्धा तास मोकळ्या उजेडात घालवावा. रात्रीचा अंधार आणि सकाळचा उजेड ही दोन्ही मिळून झोपेचे औषध होते. उन्हाळ्यात मात्र हे आठच्या आत उरकावे.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची सेवा करणाऱ्यांना आणखी एक सूचना. बाहेरच्या तीव्र दिव्यामुळे झाडाची किंवा खिडकीच्या गजांची काळी सावली भिंतीवर हलताना दिसते आणि अशा रुग्णाला ती माणसासारखी भासू शकते. “घरात कुणी आलंय” असे ते म्हणत असतील, तर त्यांच्याशी वाद घालण्यापूर्वी दिवे मालवून त्यांच्या खाटेवर स्वतः पडून पाहा. पुष्कळदा उत्तर भिंतीवर सापडते.

रात्री लघवीला उठणे हा वृद्धांच्या पडण्याचा मोठा प्रसंग. त्यासाठी खाटेपासून न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत मंद पिवळसर दिवा लावावा. गाढ अंधारातून उठून एकदम पांढरी ट्यूब लावली की डोळे दिपतात, आणि ती मालवली की परतीच्या वाटेवर काहीच दिसत नाही. बाजारातील एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. २७०० किंवा ३००० असेल तर प्रकाश उबदार पिवळसर, ६५०० असेल तर थंड पांढरा. निजायच्या खोलीसाठी पहिला घ्यावा. स्वयंपाकघर, जिना, औषधे ठेवण्याचे कपाट येथे पांढरा व पुरेसा उजेड हवा; गोळ्यांचे रंग तेथे नीट ओळखू आले पाहिजेत.

रंग निवडता येतो

हाच केल्विनचा आकडा रस्त्यावरील दिव्यालाही लागू आहे. सोडियमचा प्रकाश साधारण २००० ते २२०० केल्विनचा असे. एलईडी म्हटला की तो पांढराफटकच असणार, असे आपण गृहीत धरतो; ते खरे नाही. याचे एक उदाहरण मुंबईत घडले. मरीन ड्राइव्हवरील पिवळ्या दिव्यांच्या रांगेला ‘क्वीन्स नेकलेस’ म्हणतात. २०१५ साली तेथे पांढरे एलईडी बसवले गेले, तेव्हा त्या रांगेचे सोनेरी रूप गेले म्हणून नागरिकांनी आक्षेप घेतला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. पुढे तेथे पिवळसर छटेचे एलईडी आले. वाद सौंदर्याचा होता, पण बोध आपल्या उपयोगाचा आहे. बचत कायम ठेवून रंग बदलता येतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या तेथील डॉक्टरांच्या संघटनेनेही २०१६ साली शिफारस केली की, रस्त्यावरील एलईडी ३००० केल्विन किंवा त्याहून कमी असावेत, त्यांना आडोसा असावा आणि गरज नसेल तेव्हा ते मंद करता यावेत.

म्हणून आपल्या नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे अर्ज करताना “दिवा काढा” असे लिहू नका. त्याने शेजारी दुखावतात आणि अंधारातली वाट कुणालाच नको असते. खांब क्रमांक लिहून नेमकी मागणी करा. दिव्याचे तोंड खाली वळवावे, घराच्या बाजूने आडोसा लावावा, पुढच्या वेळी बदलताना उबदार छटेचा दिवा घ्यावा. पहिल्या दोन कामांना खर्च अगदी थोडा येतो.

आपल्या हातातील उपायही आहेत. रात्री बाहेर पडताना पुढे पाळी असलेली टोपी घालावी. ती तळहाताचेच काम करते. बायांनी पदर कपाळावर थोडा पुढे ओढला, तरी फरक पडतो. छोटी विजेरी जवळ ठेवावी आणि तिचा झोत पुढच्या दोन पावलांवर धरावा. शेतात किंवा गोठ्यात जायचे असेल, तर विजेरीबरोबर पायांत बूटही हवेत. घराच्या आणि देवळाच्या पायऱ्यांच्या कडेला चार बोटे रुंद पांढरा पट्टा रंगवून घ्यावा. पावशेर रंगात होणारे हे काम एखादे मोडणारे हाड वाचवू शकते.

मोतीबिंदूच्या खर्चाची काळजी करून कुणी थांबू नये. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग आहे. मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याचे दिवस आता गेले. त्यामुळे रोजचे व्यवहार अडू लागले की तीच शस्त्रक्रियेची योग्य वेळ.

गुरुजींच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, डाव्याची पुढे होईल. गल्लीतल्या चार जणांच्या सह्यांचा अर्ज गेल्यावर दिव्याचे तोंड खाली वळवले गेले. पायरीला पांढरा पट्टा देवळातल्या मंडळींनीच मारला. यंदा ते पुन्हा काकड्याला जाऊ लागले आहेत, टोपी घालून, विजेरी घेऊन. खिडकीतून येणारा उजेड त्यांना अजून आवडत नाही. तसे त्यांनी मला परवाच सांगितले. या वेळी मी पडद्याच्या कापडाविषयी विचारले आणि ते लिहून घेतले.

आपल्या घरातील आजी-आजोबा ‘दिसत नाही’ म्हणाले, तर ‘एवढा लख्ख उजेड आहे की!’ असे म्हणू नका. त्यांच्यासोबत एकदा त्या जागी जाऊन उभे राहा, आणि हात आडवा धरून पाहा.